पंख्याला खोबरेल

आमच्या कॉम्प्युटरचा पंखा ओरडायचा. घरघर, गुणगुण असले सभ्य शब्द त्याला लागू नाहीत. बटण दाबलं की आधी कोरडी खरड ऐकू यायची, मग अडखळत चढत जाणारी किंचाळी. ती टिपेला पोचली की डब्याचा पत्रा, टेबल, टेबलावरचा पेनांचा पेला असं सगळंच तिच्यात सामील व्हायचं. मध्येच दोन मिनिटं तो गप्प बसायचा. तेवढा वेळ मला सगळ्यात जड जायचा, कारण मी लिहायचं सोडून तो पुन्हा कधी सुरू होतो याची वाट बघत राहायचे.

"ह्याला दमा हाय," आत्या म्हणायची. "माणसाला असता तर तू मोर्चा काढला असतास."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती किनाऱ्यावरच्या खळ्यावर बोंबील वाळवते. मी शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते.

पत्रकांवरच मी वाढले. वडील आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या लढ्यात होते आणि प्रत्येक लढ्याची पत्रकं वाटून उरायची. आमच्या मांडणीच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असत, आत्या सुकट बांधून द्यायची ती पत्रकांतच, आणि माझ्या पाटीखाली खडूची भुकटी पडू नये म्हणून घातलेला कागदही पत्रकाचाच. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'बंधू आणि भगिनींनो' वाचता येत होतं. पुढे हाताने फिरवायचं छपाईचं यंत्र गेलं आणि हा कॉम्प्युटर आला. तेव्हाच तो कुणीतरी वापरलेला होता. वडिलांनी त्यावर दोन बोटांनी टाइप करत शेवटची सगळी पत्रकं काढली. मी तो टाकत नव्हते याचं कारण मी स्वतःला तत्त्व असं सांगत होते. वापरा आणि फेका हा धंदेवाल्यांचा मंत्र आहे, तो आपल्या घरात चालणार नाही. दुसरं कारण मी कुणाला सांगत नव्हते.

त्या वर्षी पाऊस संपता संपता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक सूचना लागली. खळ्याची जागा सपाट करून तिथे गाड्या उभ्या करायची सोय, बाकडी आणि फोटो काढायला एक कमान होणार होती. मासळी वाळवायला 'पर्यायी जागा' शाळेच्या मागे दिली होती. ज्यांची हरकत असेल त्यांनी डिसेंबरच्या मध्यापर्यंत तालुक्याच्या कचेरीत लेखी द्यावी.

खळं गेलं तर आत्याचं काम गेलं. तिचंच काय, चौतीस घरांतल्या बायकांचं गेलं. वाळवायची जागा नसेल तर होडीतून आलेला बोंबील त्याच दिवशी मिळेल त्या भावाने विकावा लागतो किंवा कुजतो. मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, रोज दुपारी चौघी-पाचजणी या, मी हरकतीचे अर्ज टाइप करून देते. हाताने लिहिलेले अर्ज मागे एकदा 'अक्षर लागत नाही' म्हणून परत आले होते. ती सबब या वेळी द्यायची नव्हती.

बायका आल्या. हात धुऊन, पदर नीट करून खुर्चीवर बसायच्या. मी बटण दाबायचे आणि पंखा सुरू व्हायचा.

"बोला," मी म्हणायचे.

"काय?"

"बोला. तुमची हरकत काय आहे?"

"आमचा खला..." एवढ्यात पंखा चढायचा. पुढचं त्या ओरडून सांगायच्या, मी ओरडून विचारायचे, आणि स्वतःच्या गोष्टी असं ओरडून सांगायची लाज वाटून त्या आवरतं घ्यायच्या. "तूच लिव ना. तुला म्हाईत हाय सगला." मला माहीत होतंच. मी लिहायचे: 'विकासाच्या गोंडस नावाखाली श्रमिक महिलांना त्यांच्या उत्पादनसाधनांपासून तोडण्याचा हा डाव आम्ही हाणून पाडू.' शेवटी जागा सोडायची, तिथे सही किंवा अंगठा. आठ दिवसांत चौतीस अर्ज झाले. नावं बदलली, मजकूर तोच. त्या आठ दिवसांत माझं डोकं इतकं उठलं की रात्री अंथरुणावर पडल्यावरही पंखा ऐकू यायचा, बंद केलेला असूनही.

मग मी डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बोर्लीला बाजारात गेले. तिथला दुरुस्तीवाला चाळिशीतला शांत माणूस आहे. त्याने झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि तोंड फिरवलं.

"ताई, आत मासळी ठेवता काय?"

"खळं घरासमोर आहे. वारा आत येतो."

"किती वर्षांचा आहे?"

"चालतो."

"मी वय विचारलं, तब्येत नाही." त्याने बोटाने पंखा फिरवून बघितला. "हा संग्रहालयाला द्या. नवीन घ्या छोटासा. आवाज नाही, काही नाही."

एवढं पुरे होतं. मी त्याला सांगितलं की चांगली वस्तू फेकायला लावणं ही लूट आहे, की पूर्वीचा दुरुस्तीवाला वस्तू जगवायचा आणि आताचा तिची तिरडी बांधतो, की समुद्रात उद्या मासे नसतील, असले डबेच असतील. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही मान खाली घालून ऐकलं. तो मध्ये काहीतरी म्हणत होता, "पंखा मागवून देतो, आठ दिवस... आणि तोपर्यंत तेलबिल..." पण तोवर मी चादरीची गाठ मारली होती आणि दुकानाची पायरी उतरले होते.

घरी आले ती दुरुस्ती स्वतः करायची ठरवूनच. पत्रा उघडला, ब्रशने धूळ काढली. ती धूळ बोटावर तेलकट लागायची आणि तिला सुक्या जवळ्याचा वास होता. पंख्याच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला होता. तो सोलला तर आत दांड्याचं टोक दिसलं, कोरडं ठणठणीत. याला तेल हवं, हे सांगायला दुकानदार कशाला लागतो?

आमच्याकडे तेल म्हणजे खोबरेल. डोक्याला तेच, दाराच्या बिजागरीला तेच. शिलाई मशीनला, अडकित्त्याला, विळीच्या खिळ्याला, टाचेच्या भेगांनाही तेच. दुसरं तेल घरात असतं ते खायचं. मी आत्याच्या बाटलीतून टोपण भरून घेतलं आणि थेंब न मोजता ओतलं. ऑक्टोबरचा उकाडा होता, तेल पाण्यासारखं आत उतरलं. कागद परत चिकटवला. बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, बंद पडला. वाकून बघितलं तर पंखा फिरत होता, गपचूप.

"आत्या, ये. ऐक."

आत्या आली, कान लावला. "गेला काय?"

"चालू आहे."

"अगो बाय," ती म्हणाली आणि आपली बाटली उजेडात धरून बघितली. "अर्धी केलीस."

त्या शांततेत मी हरकतींकडे परत बघायला हवं होतं. अर्ज तयार आहेत, फक्त छापायचेत, असं म्हणून मी ते बाजूला ठेवले. शिवाय वडिलांची एक पद्धत होती. अर्ज कधी सुटे सुटे द्यायचे नाहीत. शेवटच्या दिवशी सगळे एकगठ्ठा न्यायचे, टेबलावर दाणकन ठेवायचे, म्हणजे वजन कळतं. मी तसंच करणार होते. तोवरचा वेळ मी एका नव्या पत्रकात घातला. 'फेकू नका, दुरुस्त करा.' त्यात धंदेवाल्यांची लूट होती, आजच्या पिढीचं परावलंबन होतं आणि चौथ्या परिच्छेदात पुराव्यादाखल माझा पंखा होता: 'घरातलं दोन थेंब खोबरेल जे करू शकतं, ते करायला बाजार तुम्हाला नवी वस्तू घ्यायला लावतो.' दोन थेंब. मी टोपणभर ओतलं होतं, पण पत्रकात दोन थेंबच शोभतात. ते मी फळ्यावर लावलं, आजूबाजूच्या चार गावांत वाटलं, ग्रुपवर टाकलं.

डिसेंबरात थंडी पडली. आमच्या किनाऱ्यावर थंडी म्हणजे काही बर्फ नव्हे. पहाटे अंगावर गोधडी आणि सकाळी अंगणात ऊन येईपर्यंत हात चोळत बसायचं, एवढीच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी सातला मी कागदाचं पुडकं उघडून बसले. कचेरी पाचला बंद. चौतीस अर्ज छापायचे, सह्या घ्यायच्या, दुपारची एसटी पकडायची.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पंख्याबद्दल इंग्रजीत एक ओळ आली. मी ती दुर्लक्षून पुढे गेले. अर्जांची फाइल उघडली, छापायचा हुकूम दिला, आणि पडदा विझला. पुन्हा सुरू केला, पुन्हा चार मिनिटांनी विझला. तिसऱ्यांदा तीनच मिनिटांत. पत्रा उघडला तर पंखा जागचा हलत नव्हता. बोटाने ढकलला तर चिकट्यात अडकल्यासारखा कण्हत एक फेरा फिरला आणि थांबला. मी त्या डब्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अर्ज फक्त त्याच्यातच होते. दुसरीकडे कुठेही प्रत ठेवलेली नव्हती. इतरांच्या हलगर्जीपणावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत.

आत्या खळ्यावर जायच्या आधी केसांना तेल लावत होती, म्हणजे लावायचा प्रयत्न करत होती. तिने बाटली उलटी केली. काही पडलं नाही. तिने ती माझ्या नाकासमोर आणली. आतलं खोबरेल पांढरंधोट गोठलेलं होतं.

"तुझ्या मशिनीत हेच घातलंस ना?"

थंडीत खोबरेल गोठतं हे मला जन्मापासून माहीत आहे. लहानपणी दर डिसेंबरात ती बाटली उन्हात नेऊन ठेवायचं काम माझंच होतं.

"उन्हात नेऊन ठेव," आत्या म्हणाली. "बाटलीपण आणि डबापण."

अशा रीतीने वडिलांचा कॉम्प्युटर खळ्यावर गेला. वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील जोडीजोडीने लटकत होते, त्यांच्या पायथ्याशी ताडपत्रीवर मी तो उघडा डबा ठेवला. बायका येता-जाता विचारत होत्या, "हा पन सुकवतेस काय?" एक म्हणाली, "मीठ लावलास की न्हाय?" मला हसू आलं नाही. मी घड्याळ बघत होते.

साडेनऊला तेल वितळलं. पंखा फिरला खरा, पण आत सुक्या मासळीची धूळ आणि तेल मिळून चिकट लगदा झाला होता. घरात आणून सुरू केला तर तो एखादा फेरा मारायचा आणि थांबायचा. शेवटी मी रागाने चार स्क्रू काढून पंखाच बाहेर काढला.

"आता?" आत्याने विचारलं.

"आता वारा लागेल याला. बाहेरून."

ती आत गेली आणि जवळा पाखडायचं सूप घेऊन आली. डब्याशेजारी पाटावर बसली आणि वारा घालू लागली, चुलीला घालावा तसा, मनगटातून, न थांबता. मी बटण दाबलं. पडदा उजळला. चार मिनिटं गेली, सहा गेली. विझला नाही.

अर्जांच्या वेळी पहिल्यांदाच त्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता आणि शांतता होती. सुपाचा फसफस आवाज तेवढा.

"माजा अर्ज वाच," आत्या म्हणाली.

"छापून होईल, मग वाचते."

"मना वाचता येत न्हाय म्हणून सांगते ना. वाच."

मी वाचला. डाव, उत्पादनसाधनं, हाणून पाडू. सूप थांबलं नाही, पण हळू झालं.

"हे मी बोलले?"

"तुझ्या वतीने आहे."

"उत्पादन काय ते... ते काय हाय?"

"खळं. वलांड्या."

"मग खला लिव ना." सूप दोनदा हललं. "आनि वाऱ्याचा काय लिवलंस?"

"कसला वारा?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. शिकवणीत मी एखाद्या मुलीकडे बघते तसं. "शाळंच्या मागं भिंत हाय. उत्तरेचा वारा तिथं येत न्हाय. इथं बोंबील दोन दिसांत कडक व्हतो. भिंतीआड चार दिस लागतील, आतून पिवला पडंल. पिवला बोंबील कोन घेतं? कोंबडीच्या खाद्याला जातो. जागा मोठी दिलीत म्हनं. जागा काय चाटायची? आम्हाला वारा पायजे." ती थांबली. "मी सांगितलेला तुला. त्या दिवशी. तू म्हनलीस, कललं, कललं."

तिने सांगितलं असणार. मी पंख्याच्या आवाजात मान हलवली असणार.

कचेरीचं म्हणणं एवढंच होतं की तुम्हाला दुसरी जागा दिली आहे. त्या म्हणण्याला माझ्या अख्ख्या अर्जात उत्तर नव्हतं. आत्याच्या चार वाक्यांत होतं. मी तिचा अर्ज पुसला आणि ती बोलेल तसा लिहिला. मग दारातून हाक मारली. खळ्यावरच्या बायका एकेक करून आल्या, ओलसर हातांनी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात बोलल्या. एकीने सांगितलं, शाळेमागची जमीन पाणी धरते, उधाणाच्या दिवसांत तिथे चिखल असतो. एकीने सांगितलं, खळं होडीपासून चाळीस पावलांवर आहे म्हणून ती गुडघे गेले तरी मासळीच्या पाट्या वाहते, शाळेपर्यंत नाही जमणार. एक म्हणाली, शाळेतली मुलं वासाने आत्ताच नाक धरतात, उद्या मास्तरच तक्रार करतील आणि तिथूनही उठवतील. हे सगळं त्या खोलीत मला कधीच ऐकू आलं नव्हतं.

बाराला मी थांबले. आत्याचा हात भरून आला होता, सूप या हातातून त्या हातात जात होतं, आणि दोनदा पडदा विझलाही. अकरा अर्ज नव्याने लिहून झाले होते. उरलेले तेवीस होते तसे, माझ्याच भाषेत छापले आणि खळ्यावर धावत जाऊन सगळ्यांवर सह्या-अंगठे घेतले. एसटी चुकली असती.

साडेचारला कचेरीत पोचले. गठ्ठा टेबलावर ठेवला. दाणकन नाही ठेवता आला. कारकून वरवर चाळत गेला, आणि मग मला कळूही नये इतक्या सहजपणे त्याने गठ्ठ्याचे दोन भाग करायला सुरुवात केली.

"हे सगळे एकच आहेत," तेवीसच्या भागावर हात ठेवून तो म्हणाला.

"तेवीस बायकांचे आहेत. सह्या बघा."

"सह्या तेवीस आहेत, हरकत एक आहे. मजकूर सारखा असला की एकत्र नोंदतो आम्ही. सामाईक." त्याने त्या तेविसांना एक टाचणी मारली आणि वहीत लिहिलं: एकूण हरकती बारा.

मी वाद घातला. तो ऐकून घेत होता, पण पेन खाली ठेवलं होतं. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, मी कमी करत नाही हो. साहेबांसमोर मुद्दे जातात. यात मुद्दा किती?" मग अकरामधला वरचा अर्ज उचलून त्याने वाचला. आत्याचा होता. "हा मुद्दा आहे," तो म्हणाला. "सुनावणीला तोंडी बोलायला सगळ्यांना मुभा आहे. आणा त्यांना."

परतीच्या एसटीत मला कुणाला तरी दोष द्यायचा होता. पंख्याला दिला, थंडीला दिला, कारकुनाला दिला. दिघीकडच्या वळणापर्यंत कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोर्लीला गेले. दुरुस्तीवाल्याने काढलेला पंखा हातात घेतला, वास घेतला आणि हसला.

"तुमचं पत्रक वाचलं मी. त्याच्यावरून आणखी तीन आले असे, तेलात तळलेले." त्याने खणातून नवा पंखा काढला. "हा मागवून ठेवला होता तेव्हाच. मी तेच सांगत होतो, आठ दिवसांत येतो, तोपर्यंत तेलबिल घालू नका. तुम्ही गेलात."

मी पंखा घेतला. डबा तोच राहिला. तेवढं तत्त्व टिकलं.

घरी येऊन आत्याला सांगितलं, बारा. तिने टाचणीची गोष्ट दोनदा ऐकली. मग म्हणाली, "त्या तेविसांना कोन सांगनार?"

"आपण जाऊ."

"आपन न्हाय. तू जा. त्यांनी तुझ्यापाशी सांगितलेला."

मी गेले. खळ्यावर संध्याकाळचं ऊन होतं आणि उत्तरेचा वारा, आत्या म्हणते तो. पहिली बाई वलांडीखाली बोंबील उलटे करत होती. मी तिला सगळं सांगितलं, माझी चूक होती हेही, सुनावणीत तिला स्वतः बोलता येईल हेही. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे मी त्यात न्हाय," ती म्हणाली.

"आहात. पण एकटीच्या नावाने नाही."

तिने काठीवरची एक जोडी सोडवली, बोटांनी दाबून बघितली, पुन्हा अडकवली. "बरा. मग आता ऐकतेस काय?"

मी वही उघडली आणि ताडपत्रीवर बसले.